टेबलक्लॉथखालचं पुलपिट

मी पुलपिट बोलतोय. आजवर माझ्यावर उभं राहून इतरांनी बोलायचं आणि मी निमूट ऐकायचं, असंच चालत आलं. आज जरा उलट होऊ द्या. चर्चमध्ये समोर, तीन पायऱ्या चढून, लाकडी कठड्याआडून पाळक उपदेश करतात ना? तो कठडा, त्या पायऱ्या आणि पवित्र शास्त्र ठेवायची उतरती फळी, हे सगळं मिळून मी.

अंगापिंडाने मी भक्कम आहे आणि स्वभावाने थोडा ताठ. पण मध्यंतरी माझ्यावर असा प्रसंग आला की एक रविवार सोडून एक मला टेबल व्हावं लागायचं. हसू नका. रीतसर ठराव करून मला टेबल केलं होतं. पहिल्यापासूनच सांगतो.

एका मोठ्या ओंडक्यातून आम्ही दोघं निघालो, मी आणि पाळकांच्या स्वयंपाकघरातलं टेबल. करवतीचं एक टोक सुताराच्या हातात होतं, दुसरं त्याच्या बायकोच्या. दोघं अखंड भांडायची, पण करवत कधी वाकडी गेली नाही. मी उभा राहिलो तेव्हा सुतार म्हणाला, "चढून बघ गं, पायरी कुरकुरते का." ती चढली. वरून तिने भुशाने भरलेल्या खोलीकडे ऐटीत पाहिलं आणि म्हणाली, "इथून सगळा पसारा दिसतो. आधी झाडून घ्या." माझ्यावरून झालेला तो पहिला उपदेश. सुताराने तो ऐकलाही.

चर्चमध्ये माझं अर्पण झालं त्या दिवशी सुताराला पुढे बोलावलं, त्याचं कौतुक झालं. त्याची बायको मागच्या बाकावर होती. सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्याच होत्या.

त्यानंतर माझ्यावर कितीतरी पाळक उभे राहिले. नम्रतेवर बोलताना एकाने अशा मुठी आपटल्या की माझी फळी खिळखिळी झाली. दुसऱ्या एकाला, पत्नीने पतीच्या अधीन राहावं हा विषय फार प्रिय. तो सुरू केला की त्यांना हमखास चष्मा सापडायचा नाही, आणि समोरच्या बाकावरून त्यांची पत्नी खुणेनं सांगायची, कपाळावर आहे.

नियम असा होता की बायकांनी पुलपिटावर चढायचं नाही. पण शनिवारी मला पुसायला बायकाच चढायच्या. म्हणजे हातात फडकं असेल तर बाई वर येऊ शकते, हातात शास्त्र असेल तर नाही. यात काही विचित्र आहे असं कोणाला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. शेवटी लाकूडच मी.

मग आताचे पाळक आले. मऊ आवाजाचा, हळुवार माणूस. त्यांची एकुलती एक लेक माझ्या त्या जुळ्या भावंडाशी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, उभी राहून लहानपणी पातेल्यांना उपदेश करायची. एकदा तिच्या उपदेशाच्या भरात दूध उतू गेलं, तरी आई रागावली नाही म्हणे. मोठी होऊन ती धर्मशास्त्र शिकायला गेली, पहिली आली आणि घरी परतली. त्याच सुमारास पाळकांचा गळा गेला. डॉक्टरांनी त्यांचं बोलणंच बंद केलं.

आता रविवारी बोलणार कोण? मंडळीचा कारभार पंच बघतात आणि पंच सगळे पुरुष. त्यांतले मोठे पंच म्हणजे निवृत्त वजनमाप तपासनीस. काटा केसभर हलला तरी दुकानदाराचा तराजू जप्त करणारा माणूस. सरळ, पण वाकवता न येणारा. त्यांची बैठक माझ्यासमोरच बसली. पाळकांच्या लेकीला बोलावलं होतं.

"आदाम आधी घडवला, हव्वा नंतर," मोठे पंच म्हणाले. "आधी आला तो पुढे. रांगेचा साधा नियम आहे."

"काका, आदामाच्याही आधी गुरंढोरं घडवली," ती म्हणाली. "मग पुलपिटावर पहिला मान बैलाचा."

शिंपीकाम करणारे एक पंच खो खो हसले आणि मोठ्या पंचांचा चेहरा बघून खोकू लागले.

"बरं, प्रभू कबरेतून उठल्याची बातमी पहिल्यांदा कोणी आणली? बायकांनीच ना?" लेकीने विचारलं.

"बातमी आणली. उपदेश केला नाही," मोठे पंच म्हणाले. "बातमी, निरोप, सूचना हे बायकांनी द्यायला आमची कधीच हरकत नव्हती."

"मग मी सूचनाच देते."

"दे की. पण पुलपिटावरून नाही. टेबलावरून दे."

चर्चमध्ये टेबल नव्हतं. पाळकांच्या घरचं आणायला चौघे गेले, पण ते दारातून बाहेरच निघेना. घर बांधताना ते आत ठेवून मग भिंती उभ्या केल्या होत्या. चौघे हात हलवत परत आले आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

बराच वेळ खल झाला. टेबल म्हणजे नेमकं काय? ज्यावर टेबलक्लॉथ असतो आणि चहा ठेवता येतो, ते टेबल. ठराव झाला की लेक बोलेल त्या रविवारी माझ्यावर टेबलक्लॉथ घालायचा, चहाचा कप ठेवायचा, की मी टेबल. आणि टेबलावरून जे बोललं जाईल ती सूचना. मधल्या रविवारी बाहेरून पाहुणे पाळक येतील, तेव्हा मी पुन्हा पुलपिट.

टेबलक्लॉथ मोठ्या पंचांच्या पत्नीने दिला. त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्यावर त्यांनी स्वतः भरलेली निळी फुलं होती. तो माझ्यावर पसरताना त्या पुटपुटल्या, "काय बाई तुझी दशा केली." मला कोणी अशी सहानुभूती याआधी दाखवली नव्हती.

कपाचं मात्र जमेना. माझी फळी उतरती. ठेवल्याबरोबर कप घसरला आणि चहाचा ओघळ टेबलक्लॉथमधून थेट माझ्या अंगात मुरला. मग बशीखाली गीतांचं एक पुस्तक सरकवलं, तेव्हा कुठे मी पक्का टेबल झालो. झाडून सगळे पंच मान वाकडी करकरून बशी समपातळीत आहे का ते बघत होते.

"एक सूचना आहे," लेकीने सुरुवात केली.

आणि तिने त्या बाईची गोष्ट सांगितली, जी वर्षानुवर्षं कमरेतून वाकलेली होती, जिला स्वतःच्या पावलांपलीकडे काही दिसत नसे. प्रभूने तिला शब्बाथाच्या, म्हणजे काम न करायच्या पवित्र दिवशी, भर सभास्थानात पुढे बोलावलं आणि सरळ उभं केलं. सगळ्यांना आनंद झाला, फक्त सभास्थानाचा अधिकारी चिडला. म्हणाला, बरं व्हायला आठवड्यात दुसरे दिवस नाहीत का?

सूचना बरीच लांबली. कोणी घड्याळ बघितलं नाही. बायकांच्या बाजूला एकेक पाठ नकळत ताठ होत गेली, मला वरून छान दिसत होतं. तो अधिकारी कोण, हे न कळण्याइतके मोठे पंच भोळे नव्हते. पण बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "चहा गार झाला."

असे काही महिने गेले. पाळकांचा गळा सुधारणार नाही हे स्पष्ट झालं. वर्षअखेरीस नवे पाळक निवडायचं ठरलं. त्या जागेसाठी लेकीने आपलं नाव दिलं. पंचांनी नाही म्हटलं तर बाहेरून कोणीतरी येणार, आणि मग तिची सूचनाही बंद. एका शनिवारी ती एकटीच आली. टेबलक्लॉथ उचलून तिने माझ्या उघड्या फळीवर कपाळ टेकवलं. "मला तू हवा आहेस रे," ती म्हणाली. "टेबल नको." मला हात असते तर तिच्या डोक्यावरून फिरवला असता.

पुढच्याच आठवड्यात मोठ्या पंचांच्या नातीचं लग्न होतं. बाहेरचे पाहुणे पाळक आले. गडबडीत आदल्या रविवारचा टेबलक्लॉथ माझ्यावर तसाच राहिला. फुलं सजवणाऱ्यांना तो सजावटीचाच भाग वाटला. कोणीतरी सवयीने गीतांच्या पुस्तकावर चहाही आणून ठेवला. पाहुण्यांना साखर चालत नव्हती, त्यांनी कपाला हात लावला नाही. लग्न लागलं, मावशी रडल्या, जोडपं बाहेर गाडीत जाऊन बसलं आणि पाहुणे बस पकडायला पळाले.

तेव्हा शिंपी पंचांचं लक्ष निळ्या फुलांकडे गेलं. टाके बघायची सवय, दुसरं काय.

"साहेब," ते मोठ्या पंचांच्या कानाशी लागले, "आज टेबलक्लॉथ तसाच होता."

"मग?"

"मग ठरावाप्रमाणे आज हे टेबल होतं. चहासुद्धा होता. आणि टेबलावरून जे होतं ती सूचना."

मोठ्या पंचांचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे माझ्या नातीचं लग्न..."

"झालं नाही. त्याची सूचना झाली."

दुसरा कोणी असता तर त्याने कानाडोळा केला असता. पण आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू जप्त केलेला माणूस स्वतःच्या घरचं खोटं माप कसं चालवून घेईल? त्यांनी धावत जाऊन गाडी थांबवली. वधूवरांना, वऱ्हाडाला, सगळ्यांना परत आत आणलं. नवऱ्या मुलाला तर खबरदारी म्हणून वेगळ्या बाकावर बसवलं.

"आजोबा, माझं लग्न झालंय की नाही? एवढंच सांगा," नात म्हणाली. "मला भूक लागलीये."

"अहो, दोनांतलं एक बोला," मावशी म्हणाल्या. "एक तर कापड घातल्याने पुलपिटाचं टेबल होत नाही. नाहीतर पोरीला घरी घेऊन चला, आणि जेवायला आलेल्यांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

मोठे पंच घामाघूम झाले. मग त्यांना मार्ग सुचला. "हे बघा, पाहुणे पाळक पुरुष होते. पुरुष उभा राहिला की टेबलाचंही पुलपिट होतं."

मागच्या बाकावरून पाळकांची लेक उठली.

"मग काका, माझ्या वेळी कापड कशाला घातलं? चहा कशाला ठेवला? एकदा स्पष्ट सांगा ना. तुमची अडचण मी आहे. मी देवाचं लेकरू आहे हे तुम्हाला चालतं, मी घसा कोरडा करून तुमची मंडळी सांभाळलेली चालते, फक्त मी तिथे उभी राहिलेली चालत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, काका."

तिचे बाबा उठून तिच्या शेजारी उभे राहिले. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त तिचा हात धरला.

"ताई," नात म्हणाली, "माझं लग्न आम्ही दोघांनी शब्द दिला म्हणून लागलेलं हवंय मला. पाहुण्यांच्या मिशीमुळे लागलेलं नको. तू वर जा आणि आम्हाला परत विचार."

"काकांनी बोलावल्याशिवाय नाही," लेक म्हणाली. "मला चोरून वर जायचं नाहीये."

आता सगळे मोठ्या पंचांकडे बघत होते. ते जागचे उठले आणि माझ्या पायऱ्या चढून वर आले. त्यांनी तो कप उचलला. इतके महिने कपामागून कप आले, पण त्यांतला एकही कोणी प्यालं नव्हतं. त्यांनी तो गारढोण चहा एका दमात संपवला, तोंड वाकडं केलं आणि माझ्यावरचा टेबलक्लॉथ ओढून काढला. त्याची घडी करायला गेले तर ती जमेना.

"कोपऱ्याला कोपरा लावा," मावशी खालून म्हणाल्या.

"हे पुलपिट आहे," मोठे पंच घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मागच्या रविवारीही होतं. ये पोरी, वर ये."

ती आली. सुताराच्या बायकोची पावलं मी विसरलो नव्हतो, तशीच ही पावलं. तिने फळीवर शास्त्र ठेवलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "एक सूचना आहे." सगळं चर्च हसत सुटलं, आणि त्या हसण्यातच नातीचं लग्न दुसऱ्यांदा लागलं.

पाळक निवडायच्या बैठकीत लेकीचं नाव आलं तेव्हा मोठ्या पंचांनी हात अर्धाच वर केला. "साहेब, हा वर धरायचा की खाली?" शिंपी पंचांनी विचारलं. दारात उभ्या मावशी म्हणाल्या, "वर." मोठ्या पंचांनी हात खाली मात्र घेतला नाही.

आता मी म्हातारा झालोय. पायरी कुरकुरते, फळी पुन्हा सैल झाली आहे. नव्या पाळकबाईंनी शनिवारी मला पुसायच्या पाळ्या सगळ्यांना वाटून दिल्या आहेत, पुरुषांनाही. मोठ्या पंचांची पाळी असते तेव्हा ते चहाच्या त्या ओघळावर फडकं घासघास घासतात.

"जात नाही गं हा डाग," ते म्हणतात.

"राहू द्या," बाकावरून मावशी म्हणतात. "उतरा आता. तिला उद्याची तयारी करायचीये."

हातात शास्त्र घेऊन ती पायऱ्यांशी येते आणि हातात फडकं घेऊन ते बाजूला होतात. दोघांच्या पावलांचं वजन मला सारखंच लागतं. वजनमाप तपासनिसांना हे कधीतरी सांगायला हवं.

तर मंडळी, ज्याला किंवा जिला काही सांगायचंय त्याने किंवा तिने खुशाल वर यावं. माझी एकच विनंती आहे. माझ्यावरून काहीही बोला, पण माझ्यावर चहा ठेवू नका. फळी उतरती आहे.