न मोजलेलं शून्य

टाकीच्या पाण्यात टाकायची जंतुनाशक टीसीएल पावडर घ्यायची तर तीन दुकानांची दरपत्रकं लागतात, हा नियम योगिताला तोंडपाठ होता. तो गावात कसा पाळतात, हे ग्रामसेविका झाल्यावर कळलं. सोमेश्वर दुकानदार स्वतःच्या लेटरहेडसोबत आणखी दोन दुकानांचे कोरे लेटरहेड तिच्या टेबलावर आणून ठेवायचा. "मॅडम, तुमीच टाईप करा. आमचं लिवनं म्हंजे कोंबडीचे पाय." ती करून द्यायची. पहिल्या वेळी तिनं जेवणाचा डबा तसाच घरी नेला होता. पुढं डबा संपू लागला.

यंदा मात्र चौथं पाकीट आलं, लाखेचं सील लावलेलं. तलवाड्याच्या बबिताचं.

बबिता मेंढरं राखणाऱ्या घरातली. अंबाजोगाईला योगिता कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवायची, तेव्हा ही बीएस्सीला होती. आता तिचं खता-औषधांचं छोटं दुकान होतं. सरकारी कामासाठी भरलेलं हे तिचं पहिलंच पाकीट. हे काम मिळालं, तर आसपासच्या गावांची दारं उघडणार होती.

पाकिटं सगळ्यांसमोर फोडली. सरपंच भगवानराव खुर्चीत, सोमेश्वर खिडकीशी, बबिता दाराजवळ उभी. योगितानं चारही कागद ओळीनं मांडले. सगळ्यांत कमी दर बबिताचा होता.

सोमेश्वर पुढं वाकला. बराच वेळ वाचत राहिला.

"सरपंच, हे बघा. पावडरीत क्लोरीन किती, तर समदे तेहतीस टक्के म्हनतेत. आमच्या तीन कागदांवर तेहतीस पॉइंट शून्य हाय. हिच्या बी कागदावर पॉइंट शून्य. आमचे कागद फुटले म्हना की."

"कावून गं?" भगवानरावांनी चष्मा वर केला. "कुनी दाखवले कागद?"

योगिताची नजर कागदांवर खिळली. तिन्ही ठिकाणचं ३३.० तिच्याच बोटांचं होतं. प्रयोगशाळेत याच शून्यापायी तिनं पोरांची पानंच्या पानं लाल केली होती. ३३ आणि ३३.० एक नाही. दशांशापर्यंत मोजलं असेल तरच शून्य लिहायचं. मोजलं तेवढंच लिहायचं.

"कुनी न्हाई दाखवले," बबिता म्हणाली. "मी नमुना तपासून घेतलाय. रिपोर्ट मागं जोडलाय."

"रिपोर्ट ऱ्हाऊ दे. हे पॉइंट शून्य कुठं शिकलीस?"

बबितानं योगिताकडं पाहिलं.

"कॉलेजात. आमच्या मॅडमनी शिकवलंतं."

"मंग आमाला कोनत्या मॅडमनी शिकवलं, सरपंच?" सोमेश्वर म्हणाला, आणि दोघंही हसले. योगिताच्या ओठांवरही सवयीचं हसू आलं. ते आवरेपर्यंत बबितानं ते पाहिलं होतं. तिची नजर तीन कागदांवरून फिरली, टेबलावरच्या कंप्युटरवर गेली आणि खाली आली.

एवढंच बोलायचं होतं, की हे चारही आकडे माझे आहेत. योगितानं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

"लिवा मॅडम," भगवानराव म्हणाले. "कागद संशयास्पद. नामंजूर."

"मला लेखी द्या," बबिता म्हणाली. "कारन लेखी द्यायचं, असं नियमात हाय."

योगितानं लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचीच तिला जास्त लाज वाटली. बबितानं कागद वाचला, चौघडी करून पर्समध्ये ठेवला. मग टेबलाला वळसा घालून आली आणि वाकली. प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी वाकायची तशीच. योगिताला पाय मागं घेणं सुचलं नाही.

"येते मॅडम."

ती गेल्यावर सोमेश्वरनं पिशवीतून कोरे लेटरहेड काढले. "शाळंच्या बाकड्यांचं बी ह्याच आठवड्यात करून टाका." ते ठेवायला त्यानं बबिताचे कागद बाजूला सरकवले. मागचा रिपोर्ट वर आला. नमुना तीनदा तपासला होता. ३२.९, ३३.१, ३३.०. खाली सरासरी ३३.०.

योगितानं त्या शून्यावर बोट ठेवलं. चारही कागदांत मोजून लिहिलेलं शून्य तेवढंच होतं.

"मॅडम?" सोमेश्वर म्हणाला. "करताव ना?"

तिनं कंप्युटर चालू केला.