ऑगस्टमधले दोन त्रेचाळीस

मी त्रेचाळीस नंबरची जर्सी बोलतेय. पाठीवरचं नाव विचारू नका, ते बदलत असतं. नंबर तेवढा माझा, आणि तोही अर्धाच. कारण आमच्या संघात दर ऑगस्टला दोन त्रेचाळीस असतात.

आमचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू काखेत मारून पळायचा आणि पळणाऱ्याला आडवा पाडायचा खेळ. खरा हंगाम सप्टेंबरात लागतो. त्याआधी ऑगस्टभर लुटुपुटूचे सामने खेळवतात. लोक येतात, बँड वाजतो, पंच शिट्ट्या फुंकतात, गुडघे तर अगदी खरे मोडतात. फक्त निकाल कुठे धरत नाहीत. जिंकलात तरी शून्य, हरलात तरी शून्य. माझा या सामन्यांवर राग आहे. का, ते सांगते.

मी जन्मले कुठल्याशा कारखान्यात. जाळीचं कापड, खांद्याला दुहेरी शिवण, छातीवर आणि पाठीवर पांढरे आकडे. जुलैच्या अखेरीला खोक्यात बसून ओहायोत आले, सरोवरकाठच्या क्लबात. खोक्यात माझ्या अंगावर आणखी एक त्रेचाळीस होती, माझी जुळी. शिबिराला नव्वद माणसं बोलावतात आणि शेवटी ठेवतात त्रेपन्न. काही नंबर जुन्या थोरांचे, ते कुणाला द्यायचे नाहीत. काही जागांना ठरलेलेच नंबर लागतात. मग उरलेले पुरायचे कुठून? म्हणून एकच नंबर दोघांना देतात, एक चढाईवाल्याला, एक बचाववाल्याला. दोघं एकदम मैदानात उतरत नाहीत, त्यामुळे खपून जातं. नियमही तसाच आहे. एका वेळी एकच.

मला पाठ दिली बर्नीस कोव्हालचिकनं. क्लबाची शिवणारी बाई ती. सत्तरी ओलांडलेली विधवा, ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, दुपारच्या डब्यात बटाट्याचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्याच. नावाची पट्टी लावायची आणि माणूस गेला की उसवायची, हे तिचं काम. ती माझ्या पाठीवर पट्टी ठेवत होती तेव्हा दारात एक माणूस येऊन उभा राहिला.

"मिस बर्नीस, टिलरीत दोन एल आहेत बरं का. मागच्या क्लबानं एकच लावला होता."

"मग पळालास कसा?"

"एका एलवरच पळालो. म्हणून तर घरी धाडलं."

बर्नीसच्या तोंडातल्या टाचण्या सांडल्या. तेव्हापासून तिचा त्याच्यावर जीव जडला.

लामार्कस टिलरी आर्कान्सातला, सव्वीस वर्षांचा. या खेळात सव्वीस म्हणजे उतरती कळा. दोन क्लबांनी त्याला दोन ऑगस्टअखेरी घरी परत पाठवलं होतं. त्याच्या बायकोनं, रोझलिननं, स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "हा ऑगस्ट तुझा. सप्टेंबर माझा." यंदा नाव लागलं तर लागलं, नाहीतर तिच्या मामाची गॅसच्या टाक्यांची गाडी चालवायची आणि फुटबॉल टीव्हीवर बघायचा. त्याचं त्यावर भांडण नव्हतं. ती बरोबर बोलते, असं तोच बर्नीसला सांगायचा, आणि सांगताना माझी बाही पिळायचा.

माझी जुळी ब्रोडी हॅलरच्या अंगावर. तो बचावातला. क्लबानं त्याला वाजतगाजत निवडून आणलेला, त्यामुळे त्याला कुणी काढणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"काय रे जुळ्या," तो टिलरीला म्हणायचा, "सप्टेंबरात त्रेचाळीस एकच उरतो. बॅग भरून ठेव, ऐनवेळी धावपळ नको."

"धावपळ तर माझं कामच आहे," टिलरी म्हणायचा. "तू उभा राहा, तुला तेवढंच जमतं."

मुख्य प्रशिक्षक विसाक हे रुक्ष माणूस. त्यांना स्वतःलाच ऑगस्टचे सामने नको असत. मोठे खेळाडू ते कापसात गुंडाळून ठेवत, डोक्यावर टोपी घालून कडेला बसवत. खेळायला आमच्यासारखे. प्रेक्षकही तसलेच. वर्षाचं तिकीट घ्यायचं तर ऑगस्टचंही गळ्यात मारतात, मग ते मेव्हण्याला नाहीतर दंतवैद्याला देऊन टाकायचं. पहिल्या दोन सामन्यांत टिलरीच्या हाती चेंडू इनमीन पाच वेळा आला. तेवढ्यातून तो दिसणार काय आणि ते पाहणार काय.

तिसरा सामना शनिवारी दुपारी एक वाजता, आमच्याच मैदानावर. शेवटचा. ऊन असं की माझी जाळी त्याच्या पाठीला चिकटून बसलेली. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अहो, खरे खेळाडू घरी जेवतायत का?" आणि माणसं हसली. टिलरी हसला नाही. त्याला विसाकनी सकाळीच सांगितलं होतं, एक जागा आहे, तू किंवा चढाईतला तो नवा पोरगा, आज बघू.

बर्नीस कडेला स्टुलावर, सुई-दोरा घेऊन. सामन्यात जर्सी फाटली की तिथंच टाका घालायचा.

शेवटच्या डावात समोरचा संघ लाथ मारून चेंडू आमच्याकडे उडवणार होता. या एका प्रसंगाला चढाईवाले आणि बचाववाले मिसळून उतरतात. आमचा एकजण लंगडत बाहेर आला. सहायक प्रशिक्षकानं हातातल्या कागदावर नजर टाकली आणि हाक मारली, "त्रेचाळीस, आत."

दोघंही पळाले. टिलरी मागच्या जागेवर, हॅलर पुढच्या रांगेत. कुणी मोजलं नाही. कोण मोजतंय लुटुपुटूत?

चेंडू आभाळातून आला तो टिलरीच्या छातीवर, म्हणजे माझ्यावरच. मी झेललाच म्हणा ना. तो सुटला. पहिला माणूस त्यानं खांदा पाडून चुकवला. दुसरा अंगावर येत होता, त्याला हॅलरनं बाजूनं असा उडवला की तो दोन कोलांट्या खाऊन पडला. ज्याला महिनाभर टोमणे मारले त्याच्यासाठी हॅलरनं वाट केली, हे मी डोळ्यांनी, म्हणजे माझ्या जाळीनं, पाहिलं. पुढं मोकळं रान. माझी बाही मुठीत धरून एकानं ओढली, खांद्याची शिवण टर्रकन गेली, पण टिलरी थांबला नाही. अख्खं मैदान तुडवून तो रेषेपार गेला. पेंगुळलेली माणसं उठून उभी राहिली. दंतवैद्यसुद्धा.

आणि मागे गवतावर पंचाचा पिवळा रुमाल पडलेला.

मैदानात एकाच नंबरचे दोघं. दंड. धाव रद्द.

आता मला सांगा, हा कुठला न्याय? ज्या सामन्याचा निकाल कुणी धरत नाही, त्यात दंड मात्र धरला. जिंकणं खोटं, हरणं खोटं, आणि चूक तेवढी खरी.

विसाकनी कागद आपटला. "त्रेचाळीस कोण जास्तीचा?" सहायक कागदात डोकं खुपसून बसला. हॅलरनं पाण्याची बाटली तोंडाला लावली ती काढलीच नाही. सगळ्यांच्या माना टिलरीकडे वळल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

खांद्याला टाका घालायला बर्नीसनं टिलरीला बसवलं आणि तिथूनच हॅलरला गाठलं.

"हाक एकच होती. तू का नाही सांगत, तूही धावलास म्हणून?"

"मला नीट ऐकू आलं नाही, बाई."

"ते कान आहेत की शिरस्त्राणाला आधार?"

"मी सांगून काय होणार? याला ते ठेवणार नव्हतेच."

"ते त्यांना ठरवू दे. तू तुझं तोंड उघड."

तो बेंचच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मग बर्नीस सुई हातात तशीच धरून विसाककडे गेली. सामना चालू असताना त्यांच्याजवळ कुणी जात नाही.

"साहेब, मी इथंच होते. तुमच्या माणसानं नुसता नंबर पुकारला. नाव घेतलं नाही. नावं मी शिवते ती कशाला?"

"मिसेस कोव्हालचिक, तुम्ही शिवा."

"शिवतेच आहे. पण पोराचं नुकसान झालं ना."

विसाकनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "धाव मी पाहिली. चांगली होती. पण मैदानात कोण आहे हे ज्याला धावण्याआधी दिसत नाही, तो मला सप्टेंबरात नको."

"आणि हाक मारणाऱ्याला दिसायला नको?"

विसाक पाठ करून रेषेकडे चालू लागले. ती परत आली आणि टाका घालत बसली. दोनदा तिनं सुई माझ्याऐवजी स्वतःच्या बोटात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या खोलीत क्लबाचा एक माणूस आला, टिलरीच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "साहेब बोलावतायत. डावांचं पुस्तक बरोबर घे." एवढंच वाक्य. शिबिरात त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: पुस्तक परत, माणूस घरी. शेजारच्यांनी चमचे खाली ठेवले आणि ताटात बघत राहिले.

जाताना तो शिवणखोलीत आला. बर्नीसनं मला मांडीवर घेतलं होतं, पण तिचा हात चालत नव्हता.

"द्या, मी उसवतो," तो म्हणाला.

"तुला नाही जमायचं, कापड फाडशील."

मग तिनंच उसवलं. एकेक अक्षर सुटत गेलं, दोन्ही एलसुद्धा. त्यानं पट्टी गुंडाळून खिशात घातली.

"रोझलिनला सांगितलंस?"

"सांगितलं. मामानं गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्यायत म्हणाली."

"मूर्ख आहेत हे. तो सामनाच कशाला हवा होता मेला? न मोजायचा, न सोडायचा."

टिलरी दाराला टेकून उभा राहिला. "तसं नका म्हणू, मिस बर्नीस. अजून एक असता ना, तर मी जागा काढली असती."

बर्नीस खाली वाकली. दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिली.

तेव्हापासून माझा राग उतरलेला नाही. आता तर वरची माणसं वाद घालतात, हे सामने ठेवावेत की मोडावेत. ठेवा म्हणणारे छातीवर हात ठेवून सांगतात, यातूनच तर अनोळखी पोरं दिसतात. अहो, टिलरीला पाहिलं नव्हतं का तुम्ही? हजारो माणसांच्या डोळ्यांदेखत धावला तो. दिसणं म्हणजे धरणं नव्हे. धरायचं नसेल तर दाखवायला बोलावू नका. पोरं पाहायचीच असतील तर दाराआड, सरावाच्या मैदानावर पाहा, नावानं हाक मारा, आणि घरी पाठवायचं तर स्वतःच्या तोंडानं पाठवा. बँड लावून, तिकीट गळ्यात मारून, दुसऱ्याच्या चुकीचा दंड लावून नको.

माझं म्हणाल तर मी त्याच क्लबात आहे. पुन्हा ऑगस्ट आलाय. बर्नीसनं परवा माझ्या पाठीवर ओक्लाहोमातल्या एका पोराचं नाव लावलं. त्यानं मला गळ्यातून ओढून घेतलं, आरशात मागं वळून पाठ पाहिली आणि तिला विचारलं, "बाई, यंदा सामने तीनच का हो? चार असते तर बरं झालं असतं."