पांढऱ्या पिसावर पिंजर

आमच्या लॅबच्या दारावर एक पाटी होती. लिपस्टिक, पावडर, क्रीम, परफ्यूम लावून आत येऊ नये. ती मीच लिहिली होती, आणि ती न वाचता आत घुसणाऱ्या पोरींवर चार वर्षं डाफरतही होते. कुंकू मात्र त्या यादीत नव्हतं. कुंकवाला मेकअप म्हणायचं हे पुण्यात वाढलेल्या बाईच्या डोक्यात येणार तरी कसं? हे समर्थन मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की आता त्याचीही लाज वाटते.

इंग्लंडात रीडिंगजवळच्या एका संशोधन संस्थेत माझं काम अगदी साधं. समुद्रपक्ष्यांची पिसं धुवायची, बारीक कातरायची, तोलायची आणि मशिनला द्यायची. मशिन सांगतं, त्यात पारा किती. आपण इकडे कोळसा जाळतो, त्यातला पारा वाऱ्याबरोबर पार दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात जातो, तिथून माशांत, माशांतून पक्ष्यांत. पक्षी बिचारा तो पिसांत साठवून ठेवतो.

विनय नागपूरचा, आमच्याकडे पीएचडी करायचा. दोन मोसम अंटार्क्टिकाला जाऊन त्याने स्नो पेट्रेलची पिसं आणली होती. पेट्रेल म्हणजे कबुतराएवढा, पांढराशुभ्र पक्षी. कड्याच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालून त्याला धरायचं, तो तोंडावर घाण वासाचं तेल ओकतो ते सोसायचं, छातीची सहा पिसं काढायची आणि त्याला सोडून द्यायचं. पहिल्या वर्षी समुद्रावर बर्फ भरपूर होता, दुसऱ्या वर्षी फार कमी. बर्फ घटला की पक्ष्यांच्या अंगात पारा वाढतो का, एवढाच त्याचा प्रश्न. त्यासाठी दोन्ही वर्षांची पिसं हवीत.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी. रथसप्तमीच्या शनिवारी लंडनला स्टॅनमोरमध्ये माझ्या मैत्रिणीकडे, रश्मीकडे, हळदीकुंकू होतं. पंधरा बायका, प्रत्येकीने प्रत्येकीला कुंकू लावलं. वाण म्हणून रश्मीने पिंजरीच्या, म्हणजे कोरड्या कुंकवाच्या, डब्या वाटल्या. "सासूबाईंनी स्पेशली पाठवलंय गं, अगदी अस्सल लाल," ती कौतुकाने म्हणाली. परतताना आठवलं की विनयचे सात नमुने सोमवारी मशिनला द्यायचेत आणि कातरायचे राहिलेत. तशीच लॅबमध्ये गेले, पैठणीवर कोट चढवला, ग्लव्ह्ज घातले आणि बसले. शनिवारी एकटीने लॅबमध्ये काम करायला बंदी होती. तीही मला माहीत होती.

एका पिसावर लाल ठिपका दिसला. पांढऱ्यावर लाल, न दिसायला काय झालं? मी फुंकर मारली. ठिपका उडाला आणि मी कातरत राहिले. बाकीच्या सहा नमुन्यांकडे नीट पाहिलंदेखील नाही.

आठवड्याभराने आकडे आले. सातच्या सात पक्ष्यांत बाकीच्यांच्या वीस-तीस पट पारा. आमची प्रमुख मार्गारेट चष्मा काढून बसली आणि तिने विनयला विचारलं, अंटार्क्टिकातल्या तुझ्या झोपडीत पाऱ्याचं काही होतं का? विनय हा अतिप्रामाणिक प्राणी. तो म्हणाला, हो, दुसऱ्या मोसमात थर्मामीटर फुटला होता, पिसांचं खोकं त्याच खोलीत होतं. झालं. नंतर तो कितीही सांगत बसला की खोकं बंद होतं, तरी कोण ऐकतंय?

त्या संध्याकाळी मी तराजूच्या तबकडीच्या कडेला पाहिलं. तिथे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा लाल कण होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेले, रश्मीच्या डबीतली चिमूटभरसुद्धा नव्हे, सुईच्या टोकावर मावेल इतकी पिंजर तोलून मशिनला दिली. आकडा वर गेला तो खाली येईचना. अस्सल लाल होतं खरंच, हिंगुळाचं. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचाच दगड.

म्हणजे मला कळलं होतं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे केलं ते अजाणता केलेलं नाही.

यतीनची, माझ्या नवऱ्याची, नोकरी आदल्या वर्षी गेली होती. आम्ही दोघं माझ्या वर्क परमिटवर इथे राहत होतो आणि माझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये संपत होतं. मी ठरवलं, उद्या बोलू. मग दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. मंगळवारी मार्गारेट मला म्हणाली, दुसऱ्या वर्षाचे सगळे नमुने त्याच खोक्यातले, सगळे बाद, टाकून द्या. प्रत्येक पाकिटात निम्मी पिसं शिल्लक होती, मी न हात लावलेली, स्वच्छ. एकशे चाळीस पाकिटं मी पिवळ्या पिशव्यांत भरली, तोंडं बांधली आणि जाळायच्या कचऱ्याच्या गाडीवर दिली. सही केली. ती नेहमीसारखीच वळणदार आली, याचं मला अजून भय वाटतं.

नमुने बाद झाले एवढंच विनयला कळलं, जाळल्याचं नाही. अर्धा थिसिस गेल्यावर त्याची फेलोशिप वाढली नाही. तो नागपूरला परत निघाला. निघण्याआधीच्या रविवारी मी त्याला आणि ऋजुताला, त्याच्या बायकोला, जेवायला बोलावलं. तिला पाचवा महिना होता. पुरणपोळी केली. अपराधी माणूस वाढताना तूप जरा जास्तच वाढतो.

"सुमेधाताई, तुम्ही एकट्याच माझ्याशी नीट बोललात," विनय म्हणाला. "बाकी सगळे ना, so polite, पण नजर चुकवायचे."

मी आणखी एक पोळी वाढली.

निघताना ओटी भरायची म्हणून ऋजुताला पाटावर बसवलं. तांदूळ, नारळ, खण सगळं ताटात तयार. तिला हळद लावली. मग कुंकवासाठी बोट डबीत घातलं आणि तेव्हा लक्षात आलं की ही रश्मीचीच डबी. घरात दुसरं कुंकू नव्हतं. ऋजुता डोळे मिटून कपाळ पुढे करून बसली होती, एक हात पोटावर.

संपलंय म्हणावं, तर डबी काठोकाठ भरलेली. लावावं, तर त्यात काय आहे ते जगात मला एकटीलाच माहीत.

"काय झालं, ताई?" तिने डोळे उघडले.

"हे नाही लावता येणार तुला. यात पारा आहे."

"What? कुंकवात?" यतीन हसला. विनय हसला नाही. तो पाऱ्यावर तीन वर्षं काम केलेला माणूस. तो माझ्या बोटाकडे पाहत राहिला.

मग मी सांगत गेले. हळदीकुंकू, पैठणी, लाल ठिपका, फुंकर. "तुझा थर्मामीटर नव्हता रे. मी होते," मी म्हटलं आणि रडू फुटलं. माझ्या रडण्याचाच मला संताप आला. रडायचा हक्क त्याचा होता.

पण विनय रडला नाही, चिडलाही नाही. तो चक्क उठून उभा राहिला. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळलेला पाहिला मी.

"ताई, wait, wait. म्हणजे फक्त सातच खराब? बाकी सगळं clean आहे! आणि त्या सातांचीही अर्धी पिसं पाकिटात असतील ना? आपण परत run करू. मी तिकीट पुढे ढकलतो. मार्गारेटला तुम्ही सांगाल ना?"

"सांगेन. उद्याच."

"बस्स. अहो, झालं मग! चुका होतात, ताई. पाकिटं कुठेयत? Cold room मध्येच ना?"

यतीनने माझ्याकडे पाहिलं. ऋजुता पाटावरून अर्धवट उठली होती. मी बोटावरचं कुंकू पदराला पुसलं, तरी बोट लालच राहिलं.

"जाळली," मी म्हटलं. "नमुने बाद झाले त्या मंगळवारी. तेव्हा मला माहीत होतं."

विनय परत खुर्चीवर बसला. ऋजुताने पर्स उचलली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. दारात ती वळली. तिच्या कपाळावर नुसती हळद होती.