राणीला लागलेला चीक

मी बदामची राणी बोलतेय. आईशप्पथ, सांगते ते सगळं खरं आहे. आता, मी छापखान्यात जन्मले, मला आई नाही, तेव्हा त्या शपथेचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

छगनने पत्त्यांचा कॅट घेतला आणि मला नि दोन काळ्या दुऱ्या ठेवून बाकीचे एकोणपन्नास गटारात टाकले. जळगावात स्टँडमागच्या एका परमिट रूममध्ये आमची ड्युटी. तो आम्हाला पालथं फिरवतो. राणी ओळखा, दुप्पट न्या. त्याचा जोडीदार पंडित गिऱ्हाईक बनून बसतो. छगनने मान वळवली की पंडित माझा कोपरा दुमडतो आणि नव्या माणसाला डोळा मारतो. मग छगन हळूच माझा कोपरा सरळ करून दुरीचा दुमडतो. खेड्यावरचा माणूस दुरीवर पैसे लावतो. मला लाज वाटते, पण मला विचारतं कोण?

आज दुपारी सावद्याचे पितांबर आबा आले. विहिरीची मोटर वाइंडिंगला टाकलेली, खिशात तिचेच साडेचार हजार. तीन दिवस केळीला पाणी नाही. सकाळी घड कापून आलेले, बोटं चिकाने चिकट.

"पाहू दे बरं राणी," म्हणत त्यांनी मला उचललं. पाठीवर अंगठा उमटला. त्यांची क्वार्टर संपेपर्यंत डाग तपकिरी झाला.

मग आबांनी शंभर लावले. पंडितने डोळा मारला, छगनने हात फिरवले. आबांनी दुमडलेल्या पत्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बोट थेट माझ्यावर!

"कसं काय, आबा?" छगनला घाम.

"माह्या चिकाचा डाग मी वयखनार नाई का?"

झालं! छगन ताडकन उठला. "म्हाताऱ्याने पत्त्याला खूण केली! चीटिंग!"

"आम्ही इमानदारीत खेळतो इथे," म्हणताना पंडितच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी.

अख्खी परमिट रूम आबांवर चिडली. वेटरने शटर अर्धं ओढलं. मॅनेजरने निवाडा दिला: दंड, खिशात असेल तेवढा. पत्ता खराब झाला म्हणून तो आबांच्याच गळ्यात.

मी ओरडत होते, पण पालथी होते.

"मोटरचे पैसे हायेत रे भाऊ, केळी वाळून जाईन."

"मग खेळायचं नीट," पंडित म्हणाला.

आता वाइंडिंगच्या दुकानाच्या पायरीवर आबा बसलेत, मी त्यांच्या वरच्या खिशात. मोटर तयार आहे. दुकानदार उधार देत नाही. आणि तुम्ही? उभ्याने सगळं ऐकलंत, मधे दोनदा हसलात, मी पाहिलं. फुकट ऐकवायला मी रेडिओ आहे का? काढा पाचशे. तुमच्यासारखे नऊ जण मिळाले की मोटर सुटली. दुकान सातला बंद होतं.