खांद्याच्या मापाचा दगड

ठाण्यात खाडीच्या अंगाला कारंजा चौक आहे. कारंजं नावालाच, त्यातून पाणी उडालेलं दक्षतानं लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. काळ्या दगडाचं आठकोनी कुंड, मधे दगडी कमळ, कमळात पानाच्या पिचकाऱ्या. आणि कुंडाच्या एका बाजूला खेटून उभा असलेला एक दांडगा सपाट दगड. बसायला उंच, पाटी ठेवायला ठेंगणा.

त्या दगडावर सोमवारी कुणीतरी लाल फुली मारून गेलं. दगड निघणार, रंगीत दिव्यांचं नवं कारंजं होणार, भोवती रेलिंग लागणार. दगडाच्या सावलीत मासळी विकणाऱ्या सात बायकांनी मग कुठं बसायचं, हे नकाशात नव्हतं.

गोदाआईंचे गुडघे गेले तशी त्यांची पाटी सुनेच्या, दक्षताच्या डोक्यावर आली. आठ महिन्यांची शिवानी कमरेवर, कोळंबी डोक्यावर. आज ती चौकात पोचली तेव्हा जेसीबी आधीच गटाराच्या कडेनं रस्ता उकरत होता आणि कामावरचा तरुण इंजिनिअर विनीत गोदाआईंना समजावत होता.

"आजी, जुन्या नकाशात कारंजं आहे, हा दगड नाहीये. नंतर कुणीतरी चिकटवलाय. उपयोग काय त्याचा?"

"उपयोग? माझ्या आजेसासूच्या खांद्याच्या मापाचा हाय तो!" गोदाआई उसळल्या. "कारंजं बांधलं तवा गवंड्यानं पाच कोळणी ओळीत उभ्या केल्या. मधल्या उंचीची तीच, भागीरथी. तिच्या खांद्याशी दोरी धरली नि दगड बसवला. भरली पाटी एकटीनं उतरवायची, एकटीनं उचलायची. हात लावायला कुणाला हाक मारायची नाय."

विनीतनं टेप लावला. "छत्तीस इंच. आजी, तुमची आजेसासू बालवाडीत होती काय?"

जेसीबीवाला फिदीफिदी हसला. दक्षताला ते हसणं झोंबलं, कारण दगडाची ही गोष्ट ऐकून घरात तीही असंच हसली होती. "हल्लीच्या पोरीच उंच झाल्या गो," असं सासूबाई म्हणायच्या, आणि दक्षता रोज कुणाला तरी हाक मारून पाटी उतरवून घ्यायची.

तिची नजर जेसीबीनं फाडलेल्या रस्त्याकडे गेली. डांबर, खडी, परत डांबर, परत खडी. थरावर थर चढलेले.

"आई," ती म्हणाली, "दगड नाय ठेंगणा झाला. रस्ता वर आलाय."

पाटी शेजारणीनं उतरवली. शिवानी दक्षतानं सरळ विनीतच्या हातात दिली. "धरा हिला. मान धरते ती, घाबरू नका."

"अहो ताई, मी... अहो!"

"आणि ती पहार द्या रे इकडे!"

पहार मिळाली. पेव्हर ब्लॉक निघाले, मग डांबर, मग पुन्हा डांबर. दोघी-तिघी पदर खोचून आल्या. "बाळंतीण होतीस ना गो कालपरवा?" एकीनं टोमणा मारला. "होते. म्हणूनच जोर हाय," दक्षता म्हणाली. हाताला फोड आले. हातभर खाली पहार खणकन वाजली.

काळ्या दगडाची पायरी होती. दक्षतानं ओंजळीनं माती सारली, बाटलीतलं पाणी ओतलं. पायरीवर पावलं कोरलेली. एक जोडी, दुसरी... पाच.

गोदाआई खाली बसल्या, दुखरे गुडघे विसरून. मधल्या जोडीवर त्यांनी नुसता तळहात ठेवला.

दक्षता चपला काढून खड्ड्यात उतरली. मधल्या पावलांत तिची पावलं जरा सैलच बसली. चुंबळ सारखी केली, शेजारणीनं पाटी डोक्यावर दिली. मग तिनं मान किंचित झुकवली आणि भरली पाटी दगडावर अलगद सरकली. कुणी हात लावला नाही. परत डोकं खाली घातलं, पाटी ओढली, ताठ उभी राहिली. परत ठेवली.

"लावा आता टेप."

विनीतनं एका हातानं टेप लावला. दुसऱ्या हातावरची शिवानी टेपच्या डबीला हिरड्या घासत होती. "एक्कावन्न," तो हळूच म्हणाला. मग त्यानं पावलांचे फोटो काढले, जेसीबी बंद करायला सांगितला. "ताई, मी आजचंच काम थांबवू शकतो. उद्याचं माझ्या हातात नाही."

"उद्याचं तुमच्या हातात ठेवतंय कोण?" दक्षतानं शिवानीला घेतलं. तोवर बाकीच्या सहा पाट्याही लाल फुली झाकत दगडावर चढल्या होत्या. "साहेबांना घेऊन या. आम्ही इथंच असू. आणि येताना चार पहारी जास्तीच्या आणा. कुंडाच्या उरलेल्या सात बाजू अजून रस्त्याखालीच हायत, त्या उघडायच्यात."