दुलईत गुंडाळलेला संगणक

मित्रांनो, माझा काळा रंग आता विटला आहे आणि सकाळी चालू व्हायला मला अंमळ वेळ लागतो. तेव्हा मी एक जुना संगणक आहे, हे वेगळं सांगायला नको. कारखान्यात कुणीतरी माझा शेवटचा स्क्रू आवळला, पाठीवर थाप मारली आणि मला खोक्यात बंद केलं. त्या थापेचं मला अजून अप्रूप आहे.

दुकानातून मी थेट एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी आलो. सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांचे यजमान म्हणजे आप्पा. ज्या मुलांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्या शाळेसाठी बाई पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि मी त्यांचा आवाज साठवून ठेवायचो. वाचन सुरू असलं की आप्पा चपला हातात घेऊन चालायचे, फ्रिजसुद्धा बंद ठेवायचे. एकदा तो परत लावायला विसरले आणि दूध नासलं. बाई मात्र माझं कौतुक करायच्या. "गुणी बाळ आहे माझं. हूं की चूं करत नाही," असं त्या म्हणाल्या की मी फुशारून जायचो.

पुढे माझी सिस्टिम जुनी झाली, कामं रखडू लागली. त्याच सुमारास बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं आणि स्पष्टच सांगितलं, "जिवाला धोका नाही, पण आवाज असाच राहील असं धरून चालू नका." भूगोलाच्या पुस्तकाचे शेवटचे काही धडे उरले होते. ते पुस्तक आपल्याच आवाजात पुरं व्हावं, एवढीच बाईंची इच्छा होती. आप्पांनी घाईने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने जुने धडे पेनड्राइव्हवर काढून घेतले, मला कोरं केलं आणि नवी सिस्टिम टाकली.

इथून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. बाई वाचायला बसल्या की मी अर्ध्यातच बंद पडायचो. वाचलेलं सगळं वाया. पुन्हा चालू केलं की पडद्यावर यायचं, 'अपडेट पूर्ण झाले नाही. बदल मागे घेत आहोत.' घसा दुखत असतानाही बाई तेच पान पुन्हा वाचायच्या आणि मी पुन्हा दगा द्यायचो. फोनमध्ये आवाज साठवून पाहिला, पण शाळेला तो पुरेसा स्पष्ट वाटेना. कॉम्प्युटरवाला आला की मात्र मी ठणठणीत. "अहो, चालतोय की!" म्हणून तो निघून जायचा आणि लगेच माझी रड सुरू. शेवटी वैतागून त्याने सिस्टिम परत टाकली, मग आणखी एकदा टाकली. आप्पा मला ढोंगी आणि कामचुकार म्हणू लागले. मला ते फार लागलं.

खरी गोष्ट अशी होती. नवी सिस्टिम टाकली की राहिलेली सगळी अपडेट्स एकदम येतात. ती बसवताना माझं अंग तापतं आणि पंखा जोरात फिरू लागतो. त्याची घरघर बाईंच्या आवाजात मिसळू नये म्हणून आप्पांनी काय करावं? मला चक्क दुलईत गुंडाळलं! वारा बंद झाला, मी आणखी तापलो आणि जळून जाऊ नये म्हणून मला बंद व्हावं लागलं. अपडेट अर्धवट राहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. सिस्टिम परत टाकली, की मग तर सगळंच पहिल्यापासून. त्यात, परका माणूस घरी येणार म्हणून आप्पा आधी खोली आवरायचे. दुलई घडी घालून कपाटात जायची. मग त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरवाल्याला काय दिसणार?

एकदा तो आपला चष्मा आमच्याकडे विसरला आणि अर्ध्या वाटेवरून न सांगता परतला. बाई वाचत होत्या. मला बघून तो हसतच सुटला.

"आप्पा, हे काय? थंडी वाजते का याला?"

"अरे, घरघर करतो ना, म्हणून."

"काढा आधी ते! उकडून मारताय त्याला." मग तो बाईंकडे वळला. "उद्या दिवसभर याला हात लावू नका. सगळी अपडेट्स होऊ देत. मग आपोआप गप्प होईल."

"अरे, परवा माझं ऑपरेशन आहे," बाई म्हणाल्या. "हातात एकच दिवस, आणि तोही याला देऊ?"

"संध्याकाळी वाचा ना, बाई."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बरं. राहू दे त्याला निवांत."

दुसऱ्या दिवशी मी जिवाचं रान केलं. कितीदा बंद झालो, कितीदा चालू झालो. दुपारी पडद्यावरचा आकडा बराच वेळ हलेना, तेव्हा आप्पांचा हात बटणाकडे गेला. बाईंनी तो धरून ठेवला. ऊन उतरता उतरता माझा पंखा शांत झाला. मग बाईंनी पुस्तक उघडलं आणि राहिलेले सगळे धडे एका बैठकीत वाचून संपवले. मी एक शब्दही सांडू दिला नाही.

ऑपरेशन नीट झालं. बाईंचा आवाज मात्र आता घोगरा आहे, जवळ बसलं तरच ऐकू येतो. पुढची पुस्तकं दुसरं कुणीतरी वाचतं.

मित्रांनो, आमची वाऱ्याची जाळी झाकू नका. अपडेट चालू असताना बटणाकडे हात नेऊ नका. आणि दुरुस्तीला कुणी आलं, तर आम्हाला रोज जसं ठेवता तसंच दाखवा.

हल्ली दुपारी बाईंचा डोळा लागला की आप्पा माझ्यासमोर येऊन बसतात आणि वाळवंटाचा धडा लावतात. वाळूच्या टेकड्या कशा सरकतात, ते शेवटपर्यंत ऐकतात आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात. भूगोलाची त्यांना कधीच आवड नव्हती.