एमलिनची राहिलेली जर्सी

एमलिनची मुलगी मी, ग्वेन्लियन. माझा मुलगा इद्रिस. आणि इद्रिसचा मुलगा माक्सेन, ज्याने काल एडिनबरोत स्कॉटलंडविरुद्ध वेल्सच्या रग्बी संघाची लाल जर्सी प्रथमच अंगावर चढवली.

सामना संपला की प्रतिस्पर्ध्याशी जर्सी बदलायची, ही या स्पर्धेची जुनी रीत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी याच शहरात माझ्या वडिलांची जर्सी झटापटीत फाटून तिच्या चिंध्या झाल्या. तरीही स्कॉटलंडच्या ॲडम टुडहोपने आपली निळी जर्सी त्यांना दिली. "माझी पुढच्या खेपेला," असा वडिलांनी शब्द दिला. मग युद्ध पेटले, स्पर्धा थांबली आणि पुढची खेप आलीच नाही. लहानपणी मला वाटे, घरातल्या शेकोटीच्या वर भिंतीला टांगलेल्या त्या निळ्या जर्सीतून रात्रभर धुके झिरपते.

"आजी, पहिली जर्सी कुणी देतं का? पुढची देतो ना!" काल सामना संपल्यावर मैदानाच्या कडेला माक्सेन कुरकुरला. "पुन्हा निवडच झाली नाही तर?"

"म्हणूनच आज. तुझे पणजोबाही पुढचीच म्हणाले होते. काढ!"

"इथं? सगळ्यांसमोर?"

"तुला आंघोळी मी घातल्यात. लाजतोस कुणाला?"

कठड्यापाशी माझ्या निरोपावरून आलेली ॲडमची वृद्ध लेक एल्स्पेथ उभी होती. माक्सेनने चिखलाने माखलेली जर्सी तिच्या हाती ठेवली.

"बाबा म्हणायचे, येतील गं ते," ती हसली. "उशीर केलात हो!"

मैदानावर धुके उतरले. त्यात मला दोन तरुण खांद्याला खांदा लावून जाताना दिसले. वडिलांच्या अंगात निळी जर्सी होती, ॲडमच्या अंगात लाल. आमचे देणे पुरते फिटले होते.